उलटी धार

मुरबाडहून म्हशाला गेलं की बैलबाजार संपतो तिथे
घिसाड्यांची पालं लागतात.
मी तिसऱ्या पालाशी थांबले,
कारण तिथे घण बाई मारत होती
आणि सांडशी नवऱ्याच्या हातात होती.

कोयते तरटावर मांडलेले, तेल लावून,
शाळेच्या फोटोला बसवलेल्या पोरांसारखे.

मी आधी पाठ बघते. पाठ पेन्सिलीएवढी जाड हवी.
मग पात्याला टिचकी.
भद्द वाजलं तर भंगाराची पट्टी.
आवाज लांबत गेला तर ट्रकच्या कमानीचा पाटा,
माळशेजला खडी वाहून वाहून दमलेला.
मग बोटावर तोलायचा,
मुठीपासून चार बोटं पुढे डुलला पाहिजे.
नाक फार वळलेलं नको.
करवंदीच्या जाळीला ते चालतं,
ऐनाच्या टहाळाला जड डोकंच लागतं.

हे सगळं आबांनी शिकवलं.
एक नाही शिकवलं, कारण त्यांना ते कधी लागलंच नाही.

मी डावरी.
जेवायला उजवी केली आईनं, लिहायला मास्तरांनी.
कोयता धरताना कुणी बघत नव्हतं.
घरचा कोयता एका अंगाला उतरता, दुसऱ्या अंगाला सपाट,
सगळ्यांचे असतात तसाच.
उजव्यानं मारला की लाकडात शिरतो,
डाव्यानं मारला की लाकूड त्याला ढकलून देतं.
नडगीवर वण आहे, चिंचोक्याएवढा.
तेवीस वर्षं मी समजत होते
माझ्या मनगटातच जोर नाही.
राबाचे भारे मोजताना सासूबाई माझ्यापाशी आल्या
की आवाज बारीक करायच्या. ते जास्त लागायचं.

गोजरबाईनं घण खाली ठेवला.
"कुठला हात?"
गाव नाही विचारलं, किती देणार नाही विचारलं.
मी सवयीनं उजवा पुढे केला.
तिनं तळवा दाबून बघितला आणि सोडून दिला.
मग डावा स्वतःच उचलला, घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.
"हा कशाला लपवते?"

नवऱ्याला म्हणाली, "उलटी काढा."
तो म्हणाला, "उरली तर कोण घेईल असली?"
"ही बसलीय की."

पातं तापलं, ठोकलं, पुन्हा तापलं.
धारेवर गवती रंग आला, त्यामागून जांभळा सरकू लागला
तसं त्यानं झटकन पाणी दिलं.
कानस माझ्या बाजूनं चालली.
मूठ धामणीची, हिसका खाऊन न तडकणारी.
साडेपाचशे म्हणाला.
घासाघीस करायला मन होत नव्हतं,
तरी केली, नाहीतर घरी काय सांगणार.
चारशे ऐंशी.

माघात टहाळ तोडायला ऐनावर चढले.
आकडी कमरेवर दुसऱ्या कुशीला सरकवली.
फांदीला आधी खालून एक घाव,
म्हणजे पडताना साल सोलत जात नाही.
मग वरून, तिरपा, पाणी साचू नये असा.
शेंडा ठेवायचा. झाडाला पुढल्या वर्षीही बोलवायचं असतं.

घसरणार म्हणून मी अंग सावरून घाव घातला.
तो घसरलाच नाही.
माझाच तोल गेला
आणि मी खोडाला मिठी मारून राहिले जराशी.
खालून जाऊबाई ओरडल्या, "काय गं, मुंग्या?"
"हो," म्हटलं. "मुंग्या."

परवा बारकूभावजी कोयता मागून घेऊन गेले.
दुपारच्या आत परत, कपाळाला आठ्या.
"पैसे पाण्यात गेले, वहिनी.
बाईनं धारच उलटी लावलीय."

मी पातं पदराला पुसलं.
"फसवलं हो मला," म्हटलं,
आणि आकडीला अडकवून
उरलेल्या दोन झाडांकडे निघाले.