दहा दिवसांची पावती

ब्रुअर्टनच्या पुलाखालच्या दुकानात
लिओना मिनो मोजून देते,
दोन डझन, वर एक मेलेला.
"पावती जपा. दहाच दिवस चालते.
कुठल्या पाण्यातले, विचारतात."

तळं हल्ली तळापर्यंत दिसतं.
जहाजांच्या पोटातून आलेल्या पट्टेरी शिंपल्यांनी
गाळून काढलंय.
वॉलाय उजेडाला कंटाळून खोल गेलेत.
गळाला लागते ती अंगठ्याएवढी, डोळे वटारलेली.
लिओना म्हणते गोबी.
माझ्या आत्यानं खरबी म्हटलं असतं
आणि हळद लावली असती.
"परत सोडू नका हं, ती इथली नाही."
मी सोडत नाही.
डब्यात बराच वेळ तिचं तोंड हलत राहतं.

खांबांवर पाणकावळे,
पंख वाळत घातलेले.
पूर्वी त्यांना हुसकायला बोटी यायच्या.
आता म्हणे ते खरब्याच खातात,
वॉलायची पिल्लं वाचतात.
कुणामुळे कुणाचं भलं झालं,
लिओनाला हिशेब लागत नाही.
मला तर मुळीच.

संध्याकाळी अकरा मिनो उरतात.
बादली काठावर कलती होते.
खिशात पावती भिजलीय,
तारीख गेली, लिओनाची सही तेवढी राहिली.

बादली सरळ करून
मी पूल चढते.
पाणी हिंदकळून चपलेत येतं.