मापाची वही

गोदेला पूर आला की अख्खं नाशिक
एकच प्रश्न विचारतं :
कुठपर्यंत आलं?
कोणी सांगतं, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला.
तासाभरात फोन : कमरेला लागलं.
इकडे सिडकोत, पवननगरला,
जिथे नदी यायचा सवालच नाही,
तिथेही आम्ही मोबाइलवर
दगडाच्या देवाची छाती बघत बसतो
आणि जीव खालीवर होतो.

मी शिवणकाम करते. गणवेश, फॉल-पिको, उशांचे अभ्रे.
एक टेप, एक मशीन,
आणि लाल कापडी पाठीची लांबट वही.
तिच्यात गल्लीतली सगळी पोरं
इंचाइंचानं मोठी झाली.

जूनमध्ये नकुल आला. वरच्या मजल्यावरचा.
सोबत कोणी नाही. मुठीत घामेजलेले पैसे.
मावशी, बाही मनगटापर्यंत ठेवा.
अरे, शाळेत हाफ चालते.
मला थंडी वाजते, म्हणाला.
जूनमध्ये.
गळ्याचं माप घ्यायला हात उचलला
तर त्यानं डोळे मिटून घेतले
आणि हललाच नाही,
कशाची तरी सवय असल्यासारखा.
मी लिहिलं : छाती चोवीस. बाही अठरा, फुल.
समास कोरा ठेवला.

ऑगस्टमध्ये पाणी मारुतीच्या छातीला लागलं
त्या रात्री
वरून आवाज आला. मग पुन्हा.
मी मशीनचं पायडल जोरात मारलं.
कापड नव्हतं सुईखाली.
नुसतंच मारत राहिले.

दिवाळीला छाती साडेतेवीस.
पोरांची मापं पुढे जातात.
एकवीस वर्षांत मागे आलेलं माप
मी पाहिलं नव्हतं.
दोष टेपला दिला. जुनी झाली, ताणली असेल.
शालिमारला जाऊन नवी आणली.
नव्या टेपनंही साडेतेवीसच.

फोन केला तो संक्रांत झाल्यावर.
एक, शून्य, नऊ, आठ.
चारच आकडे.
जून ते जानेवारी, एवढा वेळ लागला मला
चार आकडे दाबायला.

दोन बाई आल्या, एक पोलीस आला.
मग जिन्यात सगळे जमले
आणि बोलू लागले. आता.
व्हॅनवाले अश्पाकभाई म्हणाले,
दुपारी उतरायचाच नाही हो,
म्हणायचा, काका, अजून एक चक्कर मारा ना.
मला वाटलं, हौस असेल गाडीची.
चांदवडकर वहिनी टीव्हीचा आवाज वाढवायच्या,
हे त्यांनी स्वतःच सांगितलं,
आणि पदर तोंडाला लावला.
शाळेत म्हणे वर्गात झोपायचा;
बाईंनी वहीत लाल शेरा दिला होता : आळशी.
किराणावाल्याचा पोऱ्या नुसता ऐकत उभा होता.
जाताना हळूच म्हणाला,
बर्फ न्यायला यायचा तो. नुसता बर्फ.

म्हणजे प्रत्येकाकडे एकेक इंच होता.
आणि आठ महिन्यांत एकानंही
शेजारच्या दारावर टकटक करून
विचारलं नाही : कुठपर्यंत आलं?

नकुल जिना उतरत होता तेव्हा
माझ्या दाराशी थांबला क्षणभर.
बघितलं माझ्याकडे.
त्या बघण्यात आभार नव्हते. रागही नव्हता.
तुम्हाला माहीत होतं, एवढंच होतं.
त्याचं माप मला अजून घेता आलेलं नाही.

परवा उंटवाडीच्या बालगृहातून बाई आल्या,
दहा मुलांचे शर्ट शिवायचेत म्हणून.
कागदावर मापं. चौथ्या ओळीवर नकुल.
छाती पंचवीस.
मी ते तीनदा वाचलं.
बाहीची जागा मोकळी होती.
विचारलं, फुल की हाफ?
त्या म्हणाल्या, त्यालाच विचारून कळवते.

नऊ शर्ट झाले. दहावा बेतून ठेवलाय.
बाह्या अजून कापल्या नाहीत.

वर नवे भाडेकरू आलेत.
पाच-सहा वर्षांची मुलगी आहे, पैंजण घालते.
रात्री मध्येच मी मशीन थांबवते.
पैंजण वाजले की
पुन्हा सुरू करते.