हातगुण

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला
की चौकात दोर बांधतात.
धरून चालायचं.
दोर कुणाला ओढत नाही, सावरतही नाही,
तो तिथं असतो, एवढंच.

मी एदुविहिस. तळघरात यंत्राचे हात धुते.
त्या बोटभर मनगटांच्या चरीत
सुकलेलं रक्त कसं दडून बसतं, मला विचारा.
ब्रश, पाणी, वाफ, मग भिंगाखाली पुन्हा.
प्रत्येक चिमट्याच्या पोटात एक आकडा असतो.
दहा वेळा वापरला
की अकराव्यांदा तो यंत्राशी बोलतच नाही.
धडधाकट असला तरी फेकायचा.
किंमत सांगत नाही,
रात्री झोप लागायला हवी.

काल जेवणघरात जुंपली.
डॉक्टर कुसानोविच म्हणाले,
आतडं मला बोटांना कळतं,
ओलं, ताणलेलं, रुसलेलं.
त्या खुर्चीत नुसतं दिसतं.
टाका आवळला की तुटायला आला,
हे काय डोळ्यांनी चाचपायचं?
आणि तेवढ्या पैशांत किती नर्सेस आल्या असत्या?

डॉक्टर रायेन मान्सिया म्हणाली,
दिसतं ते दहापट दिसतं, सर.
माणूस तिसऱ्या दिवशी घरी जातो.
आणि यंत्राचा हात थरथरत नाही.

हे शेवटचं बोलायला नको होतं.
कुसानोविचांचा कप
बशीवर किणकिणत होता,
आणि आम्ही सगळे सूपमध्ये बघत होतो.

बत्तीस वर्षं त्यांची हत्यारं धुतलीत मी.
माझ्या आईचं पोट त्यांनीच उघडलं, त्यांनीच शिवलं.
हातगुण होता. आहे.
पण त्या हातांच्या पोटात आकडा नाही.
अकराव्यांदा म्हणा, अकरा हजाराव्यांदा म्हणा,
कुणी थांबा म्हणत नाही.

आता ओनोफ्रेच्या मूत्रपिंडावर गाठ आहे.
नवरा माझा. जन्मभर मेंढ्या कातरल्या त्यानं.
म्हणतो, विजेची कात्री आली
तेव्हाही अस्संच भांडण झालं होतं,
मेंढीला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून त्यानं विचारलं,
बाई, यंत्रावर हे तुमचं कितवं?

ती इस्पितळाचे आकडे सांगू शकली असती.
भिंतीवर तक्ता होता, हिरव्या रेघा वर जाणारा.
तिनं तिकडं पाहिलं नाही.
सातवं, म्हणाली.

आणि बिघडलं तर?
तर पोट उघडायचं. कुसानोविच सर शेजारी उभे राहतील.
विचारलंय मी त्यांना.
हो म्हणाले?
आधी ओरडले.

ओनोफ्रे हसला, खोकला, सही केली.
मला त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर
मी काय सांगणार होते, मला अजून ठाऊक नाही.

रात्रीचे दोन. चौथ्या नंबरचा चिमटा. नऊ वेळा झालाय.
उद्या त्याची दहावी खेप, तिची सातवी.
भिंग पुसते. चर पुन्हा धुते.
काही नव्हतं. तरी पुन्हा.
वर, रस्त्यावर,
कुणी न धरलेला दोर
खांबावर आपटतोय.