बॅच अकरा

वीस लिटर काळं,
वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर,
ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी
गोधडीत गुंडाळून ठेवलंय.
पहाटे अकरा अंश असतात, यीस्टला गारठा सोसत नाही.
एअरलॉक दर चार सेकंदांनी म्हणतो: डुब्.
झोपेत मी मोजते. एकदा सहा झाले तर उठून बसले.

वहीत लिहिलंय:
बार्ली भाजली कढईत,
जळायच्या एक श्वास आधी थांबले.
(खोटं. दीड श्वास उशिरा.)

मग वाटणी. चार बरण्या, लोणच्याच्या,
आईकडून न सांगता उसन्या आणलेल्या.
सोड्याने तीनदा धुतल्या,
झाकणाला अजून हिंग आहे.

पहिलीत कॉफी. ती सगळेच घालतात.
दुसरीत सुंठ. जिभेवर काहीच नाही,
मग घशात मागून कुणीतरी खाकरतं.
तिसरीत जायफळ.
श्रीखंड झालं.
रात्री उशिरा घरी परतलेलं श्रीखंड.

चौथीसाठी बोहरी आळीत गेले.
दगडफूल द्या, पाव किलो.
मटण किती माणसांचं?
मटण नाही.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंचवीस ग्रॅम बांधलं,
पुढे काही विचारलं नाही.
पुण्यात हे विरळा.

सहाव्या दिवशी झाकण उघडलं.
विझत्या चुलीवर पाणी मारल्यासारखा वास,
आणि चव मात्र अर्धी.
वाक्य सुरू होतं छान,
क्रियापदच येत नाही.

त्याच संध्याकाळी वरच्या खासनीस बाई आल्या.
चाळीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेली, हातात चष्मा.
“गेल्या रविवारीही हाच वास होता.
जिन्यात. मी तारीख लिहून ठेवली आहे.”
मी सगळं सांगून टाकलं, बरण्यांसकट.
त्या म्हणाल्या, “पीएच?”
“चार पूर्णांक तीन.”
“हं. वाटी आण.”

स्टीलच्या वाटीत दोन घोट.
आधी वास, मग डोळे मिटून.
मी परीक्षा दिल्यासारखी उभी.
“मीठ नाही घातलंस.”
“बीअरमध्ये?”
“कशातही.”

चिमूट नव्हे, चिमटीतली चिमूट.
ढवळलं, थांबले, प्यायले.
मीठ कुठे लागलं नाही.
पण धुराच्या मागून बार्ली आली,
बार्लीच्या मागून ती माझी करपलेली कढई,
आणि कढई, देवा शपथ, चांगली लागत होती.

वाटी त्यांनी वर नेली होती.
दोन दिवसांनी दाराच्या कडीला पिशवी:
घासलेली वाटी, रिकामी नाही.
आत तीन मसाला वेलदोडे, काळे, सुरकुतलेले,
आणि वहीच्या कागदाचा चतकोर:
ठेचून घाल. उकळू नकोस.

खाली नोटीस बोर्डावर
त्याच अक्षरात, त्याच शाईत:
जिन्यात वास येतो. संबंधितांनी नोंद घ्यावी.

घेतली.
बॅच बारा, वेलदोडे तीन.