रकाना सातवा

फॉर्म चार पानांचा.
पहिल्या तीन पानांवर शरीर:
रक्तदाब, साखर, झोप, शौच,
हिमदंशाने काळी पडलेली डाव्या पायाची दोन बोटं.
माणूस येतो चौथ्या पानावर,
तोवर माझ्या ड्यूटीची बाराच मिनिटं उरलेली असतात.

वेइक्को साराकोस्की, वय चौऱ्याहत्तर.
लाकूडगिरणीतून निवृत्त. पुढे गिरणीही निवृत्त.
एकटे राहता?
"हं."
आमच्या लापलँडात हं सहा-सात प्रकारचं असतं.
मी इथलीच, तरी मला चारच कळतात.

मुलं? स्वीडनला. फोन? नाताळात.
गेले दोन आठवडे उदास वाटतंय का?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
दुपारचे तीन, अंधार तळं ओलांडून पार्किंगपर्यंत आलेला.
"जानेवारी आहे," म्हणाला.
हे होय की नाही, त्याला फॉर्ममध्ये चौकोन नाही.

रकाना सातवा: आधार देणारी व्यक्ती.
"कुणी नाही."
मी खूण करणारच होते,
पण पेन अडलं की मीच अडले कोण जाणे,
विचारलं, उणे एकतीसमध्ये, पहाटे सहाला,
मोजे न घालता निघाला होतात कुठे?

सलाईनचे बरेच थेंब पडले.

"ओन्नीच्या धुराड्यातून धूर येत नव्हता."

ओन्नी कोण?
"शेजारी."
मित्र?
"छे. अकरा वर्षं अबोला आहे."
एका बोटीवरून. बोट केव्हाच कुजून गेली,
अबोला मात्र दोघांनी नीट डांबर लावून ठेवलेला.
मग काय झालं होतं ओन्नीला?
"झोपला होता, गाढव."
आणि तुम्हाला इथं कुणी आणलं?
"त्यानेच. घसरगाडीवर घालून."
वाटेत काही बोलला?
"तो कशाला बोलेल?"
जरा थांबून, "मी तरी कुठे बोललो."

मी सातव्या रकान्यात लिहिलं:
एक. बोलणं नाही. रोज एकमेकांचा धूर बघतात.
हेड नर्स पिर्क्को म्हणाली, हे संगणक घेणार नाही.
म्हटलं, मग कागदावरच राहू दे.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला वॉर्डातला फोन वाजला.
नाव नाही, नमस्कार नाही, नुसता श्वास, मग घोगरा आवाज:
"त्याच्या घरची चूल पेटवून ठेवलीय.
नळ फुटतील नाहीतर.
मी सांगितलं म्हणून सांगू नका."

मी सांगितलं.
वेइक्कोने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.
"हं."

हा पाचवा असावा.