दारेसलामची पाकिटं

टॉवेलच्या ऑर्डरी तेव्हा दारेसलामहून यायच्या.
शेठच्या रद्दीतली पाकिटं
लच्चय्या कोंडा घरी न्यायचा.
रविवारी, माग बंद असताना,
जर्मनच्या ताटलीत कोमट पाणी,
आणि डिंक सुटेपर्यंत गप्प.

गाठी काढायच्या चिमट्यानं मग एकेक उचलायचा:
कुडू, ओरिक्स, इम्पाला.
पिळाची शिंगं, दातेरी कडा.
एका कुडूच्या मानेवर शिक्का बसलेला, काळा, गोल.
पोरं म्हणायची, हे खराब झालं.
तो म्हणायचा, हेच आलंय लांबून.

नान्नज इथून वीस-बावीस किलोमीटर.
गेला एकदाच, पुतण्याच्या गाडीवर, साठीनंतर.
ज्वारीच्या कडेला काळवीट उभं,
शिंगं तशीच, पिळाची,
कान हलणारे.

लच्चय्या काही बोलला नाही.
हात तेवढा खिशात गेला,
चिमट्याकडे.