हिरवं किती

उद्यमबागेत, फाउंड्र्यांच्या मागच्या गल्लीत
आमचा उदबत्तीचा कारखाना.
समोर लेथवर दिवसभर लोखंड सोलतात,
इकडे मी थेंब मोजते.

निळ्या कॅनमध्ये पाण्यासारखं दिसणारं काहीतरी.
नाव लांबलचक : स्टायरालिल अ‍ॅसिटेट.
पिराजीमामा नुसतं 'स्टायरा' म्हणतात,
शेजारच्या पोरीला हाक मारावी तसं.
आमचं हे कुठल्या फुलातून काढलेलं नाही,
वापीच्या कुठल्याशा रिअ‍ॅक्टरातून ट्रकनं आलेलं.
तरी बूच फिरवलं की वाटतं,
कुणीतरी अनंताची कळी
उमलायच्या आत नखानं चिरली.

फूल नव्हे. फुलाच्या अलीकडचं.
देठ, चीक,
आणि हिरव्यातच अडकलेला थोडा गोडवा.

पॅकिंगवरून गंगव्वा ओरडते,
"हसी वासने, हसी!"
हसी म्हणजे कच्चं. हसिरू म्हणजे हिरवं.
हसिवू म्हणजे भूक.
साडेबारा वाजता ती यातलं नक्की काय म्हणते
ते मी विचारत नाही, डबा उघडते.

एकवीसच्या तापात मामांचं नाक गेलं.
चव परतली, अर्धीमुर्धी. वास नाही.
एकतीस वर्षं या टेबलावर काढलेला माणूस.
मालकांना ठाऊक नाही,
किंवा आहे, आणि ते विचारत नाहीत.
मामा अजून पट्टी बुडवतात, झटकतात,
नाकाखाली धरून डोळे मिटतात,
पूर्वी मिटायचे तेवढाच वेळ.
मग माझ्याकडे देतात.
"काय वास येऊलाय सांग की."

"हिरवा."
"हिरवं किती?"

इथं माझी बोबडी वळायची सुरुवातीला.
आता सांगते :
कंग्राळीची बाई मेथीच्या जुडीचा बंद तोडते, तेवढं.
नाही, जरा कडक.
बटाट्याच्या रानात फवारणीवाल्याच्या बुटाखाली
पान येतं, तेवढं.
वाटाण्याची शेंग दातानं सोललेली,
पण कालची.

मामा कालची या शब्दावर थांबतात.
"म्हणजे पॉइंट दोन कमी पडलंय."
मी पॉइंट दोन घालते.
बरोबर असतं.
दर वेळी बरोबर असतं,
आणि मला थोडी भीती वाटते.

पौषात मला सर्दी झाली.
पट्टी दोघांच्या मध्ये,
दोघंही डोळे मिटून,
तिसरं कुणी नाही.
मी आठवणीतून बोलले. मेथी वगैरे.
मामा हसले नाहीत. म्हणाले,
"मागच्या वेळची मेथी आहे ही."
तरी वहीत आकडा लिहिला, सही केली.
त्या बत्त्या सौंदत्तीच्या जत्रेत गेल्या.
तक्रार आली नाही.
यल्लम्मानं काही कळवलं नाही.

जूनमध्ये मामा येळ्ळूरहून येताना
रुमालात एक अनंत घेऊन आले.
बसमध्ये कडा थोड्या पिवळ्या पडलेल्या.
झाड नलूमामींनी लावलेलं,
एवढंच म्हणाले, आणि रुमाल
पट्टी देतात तसा, दोन बोटांत धरून दिला.
"सांग."

मी पुन्हा पुन्हा हुंगलं.
लोणी. कोमट दूध.
पिवळ्या कडेला जरासं कुजकं, वाईट नाही.
कुणाच्या तरी वेणीचं तेल,
पण ते रुमालाचं असेल.
हिरवं शोधलं. देठाशी होतं, टिचभर.

खोटं सांगता आलं असतं.
"हिरवं कमी आहे, मामा," मी म्हणाले.
"आपल्यापेक्षा कमी."

त्यांनी मान हलवली.
खिशातून पेन काढलं, वही उघडली,
तारीख घातली,
आणि बॅच नंबरच्या रकान्याशी येऊन
पेन तसंच धरून बसले.